डाव्या कोर्टातला नेव क्रॅडक

नोव्हाय, मिशिगन
१५ फेब्रुवारी १९८७

प्रिय पद्मिनी,

पत्र मराठीत आहे हे बघून तू कपाळावर हात मारून घेशील. "बाबा, व्हाय काण्ट यू जस्ट कॉल?" असंही म्हणशील. पण फोनवर सांगायला गेलो असतो तर दुसऱ्याच वाक्यात नेवचं नाव आलं असतं आणि 'गॉटा गो' म्हणून तू ठेवून दिला असतास. इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर तीन मिनिटांत वाचून मोकळी झाली असतीस. मराठी तुला अक्षराला अक्षर लावत वाचावं लागतं, आईने शनिवारी शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलेलं. म्हणजे अर्धा तास तरी तू माझ्याजवळ बसशील. मी दुकानदार आहे बाळ. आलेलं माणूस दुकानात कसं थांबवायचं, तेवढं मला जमतं.

तर आता सरळच सांगतो. सात मार्चला, शनिवारी, क्लबच्या कमिटीची मीटिंग आहे. नेव क्रॅडकला कोच म्हणून ठेवायचं की काढायचं ते त्या दिवशी ठरणार. गेल्या उन्हाळ्यात क्लब नव्या मालकांनी घेतला. त्यांनी आणलेला मॅनेजर सदा हातात क्लिपबोर्ड धरून फिरतो, जणू तो खाली ठेवला तर त्याचा पगार थांबेल. त्याच्याकडे नेवबद्दल अकरा तक्रारी आल्या आहेत. सकाळच्या बायकांच्या ग्रुपचं म्हणणं, हा माणूस उद्धट आहे, हाक मारली तरी बघत नाही. कुणी विचारलं, माझी सर्व्हिस कशी झाली, तर हा पाठ फिरवून चेंडू गोळा करत राहिला. शैलेंद्रसुद्धा, आपल्या मागच्या गल्लीतला, मला म्हणाला, "त्र्यंबकराव, तुमचा ऑस्ट्रेलियन फार घमेंडी आहे यार. विम्बल्डन खेळला असेल, पण मी काय भिंत आहे का?" मी हसलो, त्याची रॅकेट घेतली आणि तारा मोजायला लागलो. हसून रॅकेट हातात घेणं ही माझी जुनी युक्ती. तू ती ओळखतेस.

त्या क्लबात तुझं पाऊल पडून पुढच्या महिन्यात पाच वर्षं होतील. नेवचं नाव निघालं की तू खोलीतून उठून जातेस. त्यात तुझी चूक नाही. तेवढं ठरलेलं आहे असं समज आणि पुढे वाच.

तुला आठवतं का, मी बेसमेंटमध्ये तारा ओवायचो ते दिवस? चौऱ्याहत्तरच्या शेवटी प्लँटमधून आम्हाला सगळ्यांना घरी पाठवलं, तेव्हा माझ्याजवळ सांगलीचा डिप्लोमा, हातातली टूलरूमची सवय आणि हे दोन कान, एवढंच होतं. तेव्हा सगळ्या अमेरिकेला टेनिसचं वेड लागलेलं. शेजाऱ्याची तार तुटली, ती मी सहज ओवून दिली आणि अंगठ्याने छेडून म्हणालो, ही बाजूची सैल आहे. तो म्हणाला, तुला कसं कळलं? आता त्याला काय सांगणार! मिरजेला आमच्या सायकल दुकानाच्या दोन्ही बाजूंना सतारमेकर. एकाच्या घरी तंबोऱ्याची जवारी लावायला बसले की तीन-तीन तास तोच एक सूर, तारेखालचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. पंक्चर काढता काढता माझे कान तयार झाले. त्याचा उपयोग डेट्रॉइटच्या उपनगरात रॅकेटला ताण द्यायला होईल, असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर वडिलांनी पंपानेच हाणलं असतं.

अठ्ठ्याहत्तरला नेव पहिल्यांदा आपल्या बेसमेंटमध्ये आला. उंच, भाजलेल्या रंगाचा, जिन्यात छताला डोकं आपटून घेतलेला. चार लाकडी रॅकेटी आणल्या होत्या. एकेक रॅकेट ओवून झाली की मी ती त्याच्या कानाजवळ नेऊन छेडायचो आणि विचारायचो, वर पाहिजे की खाली? मी त्याच्या डाव्या हाताला उभा होतो. दर वेळी तो मान पूर्ण वळवून उजवा कान तारेकडे आणायचा. दोनदा झालं, तीनदा झालं. चौथ्या वेळी मी मुद्दाम त्याच्या डाव्या कानापाशी हलकेच तार छेडली आणि काही विचारलंच नाही. तो भिंतीवरचं गणपतीचं कॅलेंडर बघत राहिला. मी म्हणालो, "मिस्टर क्रॅडक, हा कान कधीपासून गेलाय?" तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या खिशातून पाकीट काढलंय. मग पायरीवर बसला आणि म्हणाला, "मेट, तीस वर्षांत स्वतःहून ओळखणारा तू दुसरा."

होय पद्मिनी. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. अजिबात नाही. ही गोष्ट मला तुझ्या त्या मॅचच्या चार वर्षं आधीपासून माहीत होती.

तू आता पत्र खाली ठेवलं असशील. चहा घे. मी थांबतो.

त्याने मला त्या दिवशी आणि मग पुढे अधूनमधून जे सांगितलं ते तुला ठाऊक असायला हवं. माफी मिळवून द्यायला सांगत नाही. तू ज्याच्याकडे आठ वर्षांपूर्वी फोरहँड शिकायला गेलीस, तो माणूस कोण होता ते निदान तुझ्याजवळ असावं.

क्वीन्सलँडच्या आत, समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर त्याचं गाव. एक पब, एक पोस्ट आणि दोन टेनिस कोर्टं. कोर्टं कशाची, तर मुंग्यांच्या वारुळांची. वारुळं खणून आणायची, कुटायची, पाणी मारायचं, वर रूळ फिरवायचा. आपल्याकडे खळं करतात तसं. त्याच्यावर चेंडू इतका खरा उडतो म्हणे की चुकलं तर दोष द्यायला जागाच नाही. तेरा वर्षांचा असताना त्याला गालगुंडं झाली. सूज उतरली, ताप उतरला, आणि डावा कान तेवढा परत आला नाही. त्याचा बाप म्हणाला, कुणाला सांगू नकोस, निवड करणारे लोक अर्ध्या बहिऱ्या पोराला ब्रिस्बेनला नेणार नाहीत. बापाचा हेतू वाईट नव्हता. पण ते एक वाक्य नेवने आयुष्यभर सांभाळलं.

सतराव्या वर्षी ब्रिस्बेनला आला. तेव्हा खेळाडूंना बक्षिसाचे पैसे घ्यायची बंदी. खेळाच्या सामानाचं दुकान त्यांना नावाला नोकरीत ठेवायचं. हा गोदामात चेंडूंची खोकी रचायचा आणि शनिवार-रविवार खेळायचा. तिथे रॉस भेटला. रॉस त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, एकेरीतसुद्धा चांगला, आणि डबल्सला नेहमी डाव्या कोर्टात उभा राहणारा. दोघं तीन दिवस एकत्र खेळले. चौथ्या दिवशी रॉस म्हणाला, "तू डावीकडे जा रे. माझा बॅकहँड कुजलाय, मला उजवीकडेच बरं पडेल." नेव म्हणतो (त्र्यंबकचा त्याने टिम केलाय), "टिम, त्या माणसाचा बॅकहँड अख्ख्या क्वीन्सलँडमध्ये सगळ्यात देखणा होता." नेव डावीकडे, रॉस उजवीकडे, म्हणजे नेवचा चांगला कान कायम रॉसच्या बाजूला. अकरा वर्षं ते तसे खेळले. अकरा वर्षांत रॉसने कान हा शब्द एकदाही काढला नाही.

आणि बडबड! रॉस कोर्टात सारखा बोलायचा. "तुझा, माझा, सोड, मागे, पुढे, वर बघ गाढवा." पेपरवाले त्याला पोपट म्हणायचे, पंच चिडायचे, प्रेक्षक हसायचे. कुणालाच कळलं नाही की तो एका माणसाला वाट दाखवतोय. बोटीने सहा-सहा आठवडे प्रवास करून इंग्लंडला जायचे, कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून झोपायचे, डब्यातले पीच खायचे. विम्बल्डनला दोनदा सेमीफायनलपर्यंत गेले. नेवच्या घरी तो फोटो आहे, रॉस तोंड उघडं टाकून काहीतरी ओरडतोय आणि नेव चेंडूखाली उभा आहे. तू लहानपणी त्या फोटोला हसायचीस.

त्रेसष्टला रॉसने खेळ सोडला. सासऱ्यांची मेंढ्यांची जमीन बघायला कुणी नव्हतं. मग नेवला चार वर्षांत सात पार्टनर झाले. एकालाही त्याने कानाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "रॉसने मला कधी सांगायची वेळच येऊ दिली नाही ना. सांगायचं कसं ते मी शिकलोच नाही." बाजू बदलून बघितली, खुणा बघितल्या, नुसते अंदाज लावले. शांत खोलीत उजव्या कानाने भागतं. मैदानात आवाज येतो, पण कुठून आला ते समजत नाही. एकाने मागून ओरडलं, हा पुढे गेला. दुसऱ्याने सोड म्हटलं, याने मारला. सिडनीच्या एका पेपरात आलं, क्रॅडक पार्टनरचं ऐकत नाही. ते कात्रण त्याने ठेवलंय. मला दाखवताना म्हणाला, "बघ, यांनी अगदी बरोबर लिहिलं आणि त्यांना पत्ताच नाही." खेळात खरे पैसे यायला लागले तेव्हा याच्याबरोबर उभं राहायला कुणी उरलं नव्हतं. मग अमेरिका, मग कोचिंग, मग आपलं नोव्हाय.

त्या दिवशी पायऱ्यांवर त्याने माझ्याकडून शब्द घेतला. कुणालाही नाही, सँडीलासुद्धा नाही. सँडी म्हणजे तुझी आई, तो तिला तेच म्हणतो आणि ती दर वेळी म्हणते, "मी काय वाळू आहे?" मी शब्द दिला. दोनच महिन्यांत त्याने क्लबच्या जुन्या मालकाकडे माझं नाव टाकलं आणि लॉबीतल्या त्या कोपऱ्यात माझं दुकान लागलं. हे मी मुद्दाम लिहितोय. शब्द दिला होता हे खरं. आणि दुकान त्याच्या शब्दावर उभं होतं हेही खरं. त्यातलं कुठलं माझ्या तोंडावर जास्त जड होतं, ते पाच वर्षं स्वतःला विचारतोय.

आता त्या मॅचचं.

तुला सगळं आठवतं, पण माझ्या बाजूने एकदा बघ. मार्च ब्याऐंशी. क्लबची कोच-आणि-शिष्य स्पर्धा, तू सतरा वर्षांची, आणि तिसऱ्या रांगेत युनिव्हर्सिटीची ती कोचबाई बसलेली, तुझ्यासाठी दोन तास गाडी चालवून आलेली. तू डावखुरी. सकाळी तू नेवला म्हणालीस, "आज मी डाव्या कोर्टात खेळू? फोरहँड बाहेरच्या बाजूला येईल, तिला नीट दिसेल." बरोबर होतं तुझं. कुठलाही कोच हो म्हणाला असता. आणि नेव, सगळं नाव डाव्या कोर्टात कमावलेला माणूस, हो म्हणाला. मी रॅकेटचं हँडल गुंडाळत होतो, तू त्याच्या बहिऱ्या कानाकडे येणार हे कळून माझे हात थांबले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि डोळा मारला. मी त्याला नंतर विचारलं, का हो म्हणालास? तो म्हणाला, "रॉसने माझ्यासाठी सोडली होती बाजू. मला वाटलं आता माझी पाळी." एका पोरीला द्यायला त्याच्याजवळ सगळ्यात चांगलं जे होतं, ते त्याने दिलं, आणि त्यानेच घात झाला.

दुसऱ्या सेटमध्ये तो उंच उडवलेला लॉब मधोमध आला. वर हीटर घोंघावतायत, शेजारच्या तीन कोर्टांवर चेंडू आपटतायत. तू ओरडलीस, माइन! माइन! माइन! तीनदा. मी दुकानाच्या दारात होतो, मला तिन्ही ऐकू आले. नेवला वाटलं, पलीकडच्या कोर्टातून कुणी ओरडतंय. तो वर बघत मागे आला आणि त्याच्या रॅकेटची फ्रेम तुझ्या डाव्या मनगटावर बसली. तो आवाजही मला ऐकू आला. तसा आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही.

मी बर्फ घेऊन धावलो. जुना मॅनेजर नेवला म्हणाला, "शी कॉल्ड इट. तुला ऐकू नाही आलं?" तू जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत होतीस. आणि तो म्हणाला, "ऐकलं मी. मला वाटलं, चेंडू माझा आहे." तू ते ऐकलंस आणि तुझा चेहरा बदलला. दुखणं एका बाजूला राहिलं. ज्याने तुला रॅकेट धरायला शिकवलं त्याने गर्दीसमोर एक पॉइंट मिळवायला तुला तुडवलं, असंच तुला वाटलं, आणि दुसरं काय वाटणार होतं? बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा त्याने दुष्ट म्हणवून घेतलं. आणि मी तुझ्या हातावर बर्फ धरून बसलो होतो. एक वाक्य होतं माझ्याजवळ. मराठीत सांगितलं असतं तर तिथे कुणाला कळलंही नसतं. मी ते नाही बोललो. मी म्हणालो, "हात हलवू नकोस."

मनगट चार महिन्यांत भरलं, कोचबाईने दुसरी मुलगी घेतली, तू रॅकेटी गॅरेजमध्ये टाकून कॉम्प्युटरकडे गेलीस. आता हर्नडनला चांगली नोकरी आहे, स्वतःची गाडी आहे. आई म्हणते, झालं ते बरंच झालं. मला तसं म्हणता येत नाही.

गेल्या महिन्यात काय झालं ते आता सांगतो. शैलेंद्रची उत्तरा, तू तिला पाळण्यात बघितलंस, ती नऊ वर्षांची झाली आणि शनिवारच्या वर्गाला यायला लागली. नेव चार पोरांना डबल्स दाखवत होता. उत्तरा त्याच्या डाव्या बाजूला. चेंडू वर गेला आणि ती बारीक आवाजात म्हणाली, "माइन, कोच." मी एक रॅकेट यंत्रावर चढवलेली होती, अर्ध्या तारा ओवून झालेल्या. नेवचा हात मागे गेलेला दिसला. मी अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा ओरडलो, "नेव! लेफ्ट! स्टॉप!" तो जागच्या जागी थिजला. पोरीच्या रिबिनीपासून रॅकेट चार बोटांवर होती. उत्तरा म्हणाली, "यू आर सपोज्ड टु लिसन," आणि चेंडू आणायला पळाली. तिला काही कळलंच नाही.

नेव वर्ग सोडून दुकानात आला आणि बूट घालून बघायच्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, "दॅट्स टू, टिम. पहिली पॅडी." पाच वर्षांत त्याच्या तोंडून तुझं नाव पहिल्यांदा निघालं. मी म्हणालो, तिसऱ्या वेळी मी ओरडायला नसेन. आता सांग सगळ्यांना. तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी चिडून म्हणाला, "बावन्न वर्षांचा कोच, त्यातून अर्धा बहिरा. कोण ठेवणार मला? उद्धट आहे म्हणून तरी लोक येतात." मी म्हणालो, "लोक येत नाहीत, अकरा तक्रारी येतात." मग मात्र तो हसला. आठवड्याने मी त्याला ॲन आर्बरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डावा कान संपलेला, पण उजवाही कमी झालाय म्हणाले, म्हणूनच इतक्यात हे वाढलं. उजव्याला यंत्र बसवलं. आणखी एक आहे म्हणे, डाव्या बाजूचा आवाज उचलून तारेने उजवीकडे पोचवणारं. ते पुढच्या आठवड्यात मिळेल.

यंत्र लावून पहिल्यांदा तो आपल्या घरी जेवायला आला, तो स्वयंपाकघरात फ्रिजसमोर जाऊन उभाच राहिला. "सँडी, याला हे किती दिवस चाललंय?" आई म्हणाली, "नेव, फ्रिज असाच आवाज करतो. जन्मापासून." मग त्याने नळ ऐकला, आमटीला दिलेली फोडणी ऐकली, आणि मला म्हणाला, "टिम, तू जेवताना भयानक आवाज करतोस." आई म्हणाली, देवा, आता यालाही कळलं! किती वर्षांनी आपल्या टेबलावर एवढं हसणं झालं.

आईला तोवर यंत्रापुरतंच ठाऊक होतं; सगळं मी तिला गेल्या रविवारी सांगितलं. ती कणीक मळत होती. तिने हात धुतले आणि म्हणाली, "माझ्या पोरीने या घरात चार महिने एका हाताने वेणी घालायचा प्रयत्न केला, आणि तुम्ही शेजारी बसून कॉफी पीत होतात. कान एवढे तयार, तोंड मात्र कच्चं." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी थालीपीठ पुढे ठेवून म्हणाली, "तिला लिहा. आणि स्वतःला वाचवून लिहू नका." लिहिलेलं तिला वाचून दाखवलंय. दोन ठिकाणी तिने खोडायला लावलं, तिथे मी स्वतःला वाचवत होतो.

आता नेव म्हणतो, कमिटीला सांगतो. पण तिथे एक प्रश्न हमखास येणार. मॅनेजरच्या क्लिपबोर्डावर छापलेलाच आहे, तुमच्या शिकवण्यात कुणाला दुखापत झाली आहे का? त्याचं खरं उत्तर तू आहेस. तो म्हणाला, "पॅडीचं नाव न घेता सांगितलं तर पुन्हा खोटं बोललो. तिला न विचारता नाव घेतलं तर तिच्या दुखण्यावर माझी नोकरी मागितली. दोन्ही मी करणार नाही." तू नाही म्हणालीस तर तो सहा तारखेला तुझा उल्लेख न करता राजीनामा देणार, चिठ्ठी लिहून ठेवलीय. तू हो म्हणालीस तर सगळं सांगणार, मग ते ठेवोत की काढोत. त्याला स्वतः लिहायचं होतं. तीन कागद फाडले आणि म्हणाला, "शाळा चौदाव्या वर्षी सोडली मी. तू लिही, तू तिथे होतास." म्हणून लिहायला बसलो. पण बसल्यावर कळलं, मी त्याच्यासाठी लिहीत नव्हतो. सात तारखेला नेवने काहीही करो, तू काहीही म्हण, मी त्या मीटिंगमध्ये उभा राहून सांगणार आहे की मला ठाऊक होतं, मी चार वर्षं आधीपासून जाणत होतो, आणि माझ्या मुलीचा हात माझ्या हातात असताना मी गप्प बसलो. लॉबीतला कोपरा गेला तर बेसमेंट आहे. पण ते शैलेंद्रने आणि त्या क्लिपबोर्डवाल्याने ऐकायच्या आधी तू ऐकायला हवं होतंस, माझ्याकडून, ज्या भाषेत मी तेव्हा सांगू शकलो असतो त्याच भाषेत. माझं चुकलं, पद्मिनी. अठ्ठावीस तारखेला, शनिवारी सकाळी दहा वाजता मी फोन करीन. नेवच्या प्रश्नाचं उत्तर दे किंवा देऊ नकोस. मला रागवायचं असेल तर त्यासाठी उचल, मी मध्ये बोलणार नाही.

तुझाच,
बाबा

ता. क. गॅरेजमधल्या तुझ्या रॅकेटींना आईने सांगितलं म्हणून नव्या तारा ओवल्या आहेत. कशासाठी, असं मी विचारलं नाही.